बिरड्याचा चुकलेला उपास

हन्नामावशी,

तुला ठाण्याला तुमच्या ज्यू लोकांच्या कब्रस्तानात ठेवून आलो त्याला आज अकरा दिवस झाले. तुझा एल्या अजून इथेच आहे. तुझ्या खाटेवर झोपतो आणि पंखा आवाज करतो म्हणून कुरकुरतो. मी शाळेत जाते, येते, वह्या तपासते, आणि दिवसातून दहादा तरी मनात येतं की हे मावशीला विचारायला हवं. परवा एल्यानं सांगितलं की तुझ्या डोळ्यांवर ठेवायला त्यानं जेरुसलेमची माती आणली होती, चिमूटभर, पुडीत बांधून. मी लगेच सुरू झाले. माती विमानात चालते का? कुणी अडवत नाही? आणि चाळीस वर्षं भिवंडीत काढलेल्या बाईला भिवंडीची माती का चालत नाही? त्यानं विचारलं, "सुजाताताई, आईलापण तुम्ही असंच छळायचात का?" हो म्हटलं, असंच.

तसं पहिल्यापासूनच होतं. निजामपुऱ्यात तुझी आणि आमची भिंत एक. खाली दिवसभर लूमचा खडखडाट, त्यामुळे त्या चाळीत सगळेच मोठ्यानं बोलायचे, आणि तू सगळ्यांपेक्षा हळू. दवाखान्यातली नर्स म्हणून तुझा गल्लीत दरारा होता. अर्ध्या गल्लीला जन्मल्यावर पहिल्यांदा तूच हातात घेतलं होतंस, त्यामुळे मिसरूड फुटलेली पोरंही तुला बघून बिडी लपवायची. आमच्या घरात देव नव्हता. बुद्धाची तसबीर होती, आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लावलेली प्रश्न विचारायची सवय होती. पण तुझ्याही घरात देव दिसायचा नाही. नुसती चुन्याची भिंत, आणि शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल ओतून लावलेली वात. मी असेन आठ वर्षांची. तुला विचारलं होतं की तुमचा देव कुठे ठेवलाय. तू म्हणालीस, "त्याला न्हाय ठेवायचा, बाय. तो आपल्याला ठेवतो." मला ते मुळीच पटलं नव्हतं. आमच्या दोघींच्या वादाची सुरुवात तीच.

मग बिरड्याचा सण. वर्षातून एकदा, ऐन पावसात, तू वाल भिजत घालायचीस, फडक्यात बांधून मोड काढायचीस आणि सोलायला मला हाक मारायचीस. आठवडाभर आधीपासून तुझ्या घरात मटण बंद, आणि त्या दिवशी कडकडीत उपास, पाण्याचा घोटसुद्धा नाही. दिवस मावळून चांदण्या दिसल्या की केळीच्या पानावर भात आणि बिरडं. हे सगळं कशासाठी, तर दोन हजार वर्षांपूर्वी तुमचं देऊळ जळलं आणि तुमची माणसं देशोधडीला लागली म्हणून. मी कॉलेजात होते, जीभ चांगली धारेवर होती. विचारलं, रडायच्या दिवसाला तुम्ही सण कसं म्हणता? तू म्हणालीस, जेवण चांगलं असतं म्हणून. मग मी ठेवणीतला प्रश्न काढला. देऊळ जळत होतं तेव्हा तुमचा देव काय करत होता?

तू वालाची साल अंगठ्यानं उडवलीस, अगदी सहज. "त्याचंच घर जळत व्हतं ना. तोबी आमच्यासंगती भायेर पडला."

मग मी गलबताचा विषय काढला, कारण तो किस्सा तूच मला सांगितला होतास. तुमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला आले तेव्हा गलबत फुटलं, सात बाप्ये आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. पुस्तकं गेली, सणांचे हिशोब गेले, तोंडपाठ उरली ती एक प्रार्थना. मी म्हटलं, हा कसला इमानी देव, ज्यानं स्वतःचीच पुस्तकं बुडू दिली? तू म्हणालीस, चौदा जण ठेवले ना. मी म्हटलं, बाकीच्यांचं काय? तू मूठभर वाल सोलून झाल्यावर म्हणालीस की ते तुलाही ठाऊक नाही, भेटला की विचारशील. मावशी, आता विचारलंस का? मला खरंच जाणून घ्यायचंय. चिडवत नाही.

दादा गेले त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात, चौऱ्याऐंशी साली, दंगलीत आपली चाळ जळली. आग कुणी लावली, कुणाचं आधी पेटलं, यावर लोक अजून भांडतात. मला आठवतं ते एवढंच, की धूर जिन्यात शिरला होता, मी तुझा हात ओढत होते आणि तू दाराला कुलूप लावत होतीस. जळत्या घराला कुलूप. मी ओरडले तुझ्यावर. तू शांतपणे चावी पदराला बांधलीस आणि मग निघालीस. त्या चावीला पुढं दार राहिलं नाही, पण ती चावी तू टाकली नाहीस, आणि तिचं काय करायचं हे परवा एल्यानं मला विचारलं तेव्हा मलाही सांगता आलं नाही.

आई दादांच्याही आधी गेलेली, माझं असं कुणी उरलं नव्हतं. एक मामा होता अकलोलीला, त्याच्याकडे एक खोली रिकामी होती. तुझं ठाण्याला तुमच्या लोकांत बस्तान बसलं असतं, पण तू माझ्याबरोबर आलीस. पोरीला एकटी कशी सोडू, असं मामाला म्हणालीस. मी सव्वीस वर्षांची शाळामास्तरीण, पोरगी कसली. पण त्या वेळी मला पोरगी म्हणणारं तुझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि ते ऐकून मी मामाच्या ओट्यावर बसून हमसून हमसून रडले होते.

अकलोलीत आपण सव्वा वर्ष काढलं. मी एसटीनं भिवंडीच्या शाळेत जाऊन येऊन करायचे आणि तू तिथल्या बायकांना इंजेक्शनं द्यायचीस. मी वनवास म्हणायचे. तू म्हणायचीस वनवास कसला, न्हाणीला गरम पाणी आयतं. गावाच्या टोकाला कुंडं होती, पाण्याला गंधकाचा वास. गुडघ्यांना बरं वाटतं म्हणून तू रोज पाय सोडून बसायचीस. तुला एकच घोर होता, एल्याचा. दोन वर्षांपूर्वी तो इस्रायलला गेला होता आणि शेवटच्या पत्रात जुनी नोकरी सोडून दुसऱ्या गावी जातो असं त्यानं कळवलं होतं. नव्या गावाचा पत्ता ज्या डब्यात होता तो डबा चाळीत जळला. तू ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये निरोप ठेवलास, तिथून दोघांचौघांनी पत्रं टाकली, पण तो ज्या गावात गेला होता तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. मी दोनदा पोस्टात विचारून आले. जळक्या चाळीच्या नावावर काही नाही म्हणाले.

दुसऱ्या पावसाळ्यात तू एकदा संध्याकाळी मला म्हणालीस की यंदाचा बिरड्याचा उपास एल्यासाठी धरायचा आहे. तो जिवंत आहे आणि आई जिवंत आहे हे त्याला कळू दे, एवढंच मागणं. पण दिवस कोणता ते ठाऊक नव्हतं. दरसाल ठाण्याहून तुमच्या सणांचं कॅलेंडर पोस्टानं यायचं, ते कुठे येणार? तू म्हणालीस, सासू श्रावणातली चांदण्याची नवमी धरायची, तर तेवढी काढून दे, तू शिकलेली आहेस.

मामाच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यात त्या वर्षी दोन श्रावण. पहिला अधिक, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला जेवायला घालायचं आणि बाकी सगळं पुढं ढकलायचं. दुसरा निज श्रावण, सणवारांचा, खरा. मी स्वतः यातलं काहीही पाळत नसले तरी पंचांग मला वाचता येतं याचा मला भारी अभिमान. दुसऱ्या श्रावणातली नवमी काढली, रविवार होता. तुला खडूनं दारावर लिहून दिली. अधिक महिन्यात कुणी सण धरतं का, असं वर ऐकवलंसुद्धा.

तू उपास धरलास. साठीच्या घरातली बाई, तोंडात पाण्याचा थेंब नाही. मोड आलेले वाल फडक्यात घेऊन तू कुंडावर गेलीस, त्या गरम पाण्यात बुडवलेस आणि साली आपोआप सुटायला लागल्या. कपडे धुणाऱ्या बायका बघत राहिल्या. रात्री बिरड्याला गंधकाचा वास येत होता. मी नाक मुरडलं तर तू म्हणालीस, देवळाला आग लागली तेव्हा असाच वास आला असेल. त्या दिवशी मीही जेवले नव्हते. भूक नाही असं सांगितलं. तू पानावर मला आधी वाढलंस.

चारच दिवसांनी, गुरुवारी, शाळा सुटल्यावर धामणकर नाक्याला रस्ता ओलांडत होते तर मागून कुणीतरी बाई, बाई करत पळत आलं. आपल्या गल्लीचे जुने पोस्टमन गफूरभाई. नुकतेच निवृत्त झाले होते. आपण कुठे गेलो हे त्यांना कुणी सांगू शकलं नव्हतं. चाळीच्या नावानं येणारं टपाल परत पाठवायचं, असा हुकूम होता आणि त्यांनी ते परत न पाठवता घरी ट्रंकेत ठेवलं होतं. म्हणाले, "घर जल गया तो क्या, बाई? आदमी तो कहीं होगा ना." मला तिथेच उभं करून ते घरी गेले आणि सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन आले.

एल्याची चार पत्रं होती. शेवटच्यात लिहिलं होतं की तीन पत्रांना उत्तर नाही, दंगलीचं वाचलं, आता दिवाळीपर्यंत वाट बघतो, मग समजायचं ते समजतो. नवा पत्ता वर ठसठशीत लिहिलेला. मी रिक्षा स्टँडवर उभी राहून रडत होते आणि लोक माझ्याकडे बघत होते. गठ्ठ्यात सर्वात खाली एक गुंडाळी होती. उलगडली. तुमच्या सणांचं त्या वर्षाचं कॅलेंडर, मराठीत छापलेलं. बिरड्याच्या उपासाची तारीख त्यात होती. ती होऊन महिना उलटला होता.

तुमच्यातही अधिक महिना असतो हे मला नंतर कळलं. पण तो तुमच्या गणितानं येतो, इथल्या श्रावणाला विचारून नाही. म्हणजे जो महिना मी धोंड्याचा म्हणून बाजूला टाकला, नेमका तोच तुमचा होता. तू सगळा दिवस पाण्याशिवाय काढलास तो भलत्याच दिवशी, आणि दिवस मी काढून दिला होता. एसटीत बसेपर्यंत मी ठरवलं होतं. कॅलेंडर दुसऱ्या दिवशी शाळेत नेलं आणि कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांत घालून ठेवलं.

पत्रं वाचून तू काय केलंस ते मी कधी विसरणार नाही. चारही पत्रं तारखेप्रमाणे लावलीस, चष्मा पुसलास, परत वाचलीस. मग दारावरच्या त्या खडूच्या तारखेकडे बघून म्हणालीस, "बघितलंस ना? रविवारी मागितलं, गुरुवारी दिलं. तो आपल्या मानसांना टाकत न्हाय." माझ्याकडे उत्तर होतं, कपाटात ठेवलेलं. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासमोर माझ्याकडे बिनतोड उत्तर होतं आणि मी बरं झालं मावशी एवढंच म्हटलं.

पुढं भिवंडीत परत आलो, नाक्याजवळ खोली घेतली, पुन्हा भिंतीला भिंत. तो किस्सा तू किती जणांना सांगितलास याची गणती नाही. भाजीवालीला, डॉक्टरांना, ठाण्याच्या लग्नात. प्रत्येक वेळी अकलोली, खडूची तारीख, रविवार, गुरुवार. आणि शेवटी माझ्याकडे बोट, ही साक्षीला आहे, हिला विचारा. मी मान हलवायची. पोरांना एक शून्य चुकलं तरी छडी दाखवणारी मी.

एकदा मात्र सांगायच्या अगदी बेतात आले होते. ब्याण्णवच्या डिसेंबरात सगळीकडे पेटलं, आपण पिशव्या भरून बसलो, आणि भिवंडीत काही झालं नाही. तू म्हणालीस, त्यानं राखलं. मला राग आला. मी म्हटलं, मोहल्ल्यामोहल्ल्यातली माणसं चौकात बसून राहिली, एकमेकांच्या पोरांना आवरत होती, त्यांनी राखलं, त्यांचं श्रेय दुसऱ्याला का देतेस? तू विचारलंस त्यांना कुणी बसवलं. मी तशीच उठून शाळेत गेले. कपाट उघडलं, कॅलेंडर काढलं, टेबलावर ठेवून बघत बसले. हे नेऊन तिच्यापुढे टाकावं आणि म्हणावं, हा घे तुझा रविवार. अर्धा तास बसले असेन. मग परत ठेवून दिलं. घरी आले तर तू माझ्या वाटणीची भाकरी झाकून ठेवली होतीस. तो वाद तसाच राहिला. आजही मला वाटतं की माझंच बरोबर होतं, आणि आजही तू समोर असतीस तर पुन्हा भांडले असते.

एल्या तुला दरवर्षी बोलवायचा. मीही म्हणायचे जा, तुमच्या देवानं तोच देश देऊ केलाय ना, आता विमानही आहे. तू म्हणायचीस तिकडे कडवे वाल मिळतात का विचार आधी. त्यानं बिचाऱ्यानं खरंच चौकशी करून मिळत नाहीत असं कळवलं. तुला निमित्त मिळालं. खरं कारण मला कधी सांगितलं नाहीस. ते मी होते का? हेही विचारायचं राहिलं. मीच कारण होते असं मनात आलं की बरं वाटतं आणि मग स्वतःची लाज वाटते.

आणि मग हा जून. तुझं हृदय थकलं, हॉस्पिटलात ठेवलं, एल्याला तार केली. दुपारची वेळ होती, बाकीच्या खाटांवरच्या बायका झोपल्या होत्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेला तू तो किस्सा सांगितलास, धापा टाकत, थांबत थांबत. ती गेल्यावर तू मला म्हणालीस की एल्या पोचेपर्यंत तो मला ठेवील, रविवार-गुरुवारसारखंच. आणि मला ते सहन झालं नाही. एल्या वेळेत पोचला नाही तर? माझ्या चुकीच्या तारखेवर विसंबून तू जायचीस, ही कल्पनाच मला नको झाली. मी सगळं सांगून टाकलं. अधिक श्रावण, गठ्ठा, कॅलेंडर, नकाशांची गुंडाळी. अकरा वर्षांचं दहा मिनिटांत.

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झालं, मी हिचं होतं तेही काढून घेतलं. हात धरला तर तो थरथरत होता. मग कळलं की तू हसत होतीस.

"म्हंजी उपासाचा दिस येऊन गेला, मी पत्त्यावर न्हाय," तू म्हणालीस. "नि तो म्हैनाभर वाट बघत ऱ्हायला."

आठव्या वर्षापासून वाद घालत आले, त्यातला हा शेवटचा डावही तूच मारलास. मी जे तुझ्या विरुद्धचं सर्वात मोठं प्रमाण म्हणून जपून ठेवलं होतं ते तू उचललंस आणि आपल्या बाजूला ठेवलंस, वाल ताटात टाकावा तितक्या सहज. एल्या तिसऱ्या दिवशी पोचला. तू त्याला ओळखलंस, त्याचं डोकं कुरवाळलंस, केस गेले म्हणालीस. त्याच्यावरून मी काही वाद घालणार नाही.

पण त्या दुपारी हसू ओसरल्यावर तू मला एक प्रश्न विचारला होतास. तो एक म्हैना थांबला, तू अकरा वर्सं का गप ऱ्हायलीस? मी म्हटलं तुला वाईट वाटलं असतं म्हणून. तेवढ्यात सिस्टर आली, तुझी सुई बदलायची होती. सुई कशी टोचायची ते तू तिला शिकवत बसलीस आणि विषय राहिला.

मावशी, मी खोटं बोलले होते. तुझा देव मला पटला नाही, आजही पटत नाही. पण त्या गुरुवारी धामणकर नाक्यावर तो गठ्ठा हातात घेऊन उभी होते, आई नाही, वडील नाहीत, घर नाही, आणि पहिल्यांदाच मला वाटलं होतं की कुणीतरी आपल्याला शोधत आहे. आपण कुणाच्या तरी लक्षात आहोत. एल्याची पत्रं तुझ्या नावाची होती, मला काही आलं नव्हतं, तरी वाटलं. कॅलेंडर उलगडलं तेव्हा घाबरले ती तुझ्यासाठी नाही. तुला सांगितलं असतं तर तुझं काही बिघडलं नसतं, हे तू मला त्या खाटेवर दाखवून दिलंसच. मोडलं असतं ते माझं. तेवढं एक माझ्याजवळ होतं, म्हणून मी गप्प बसले.